तापाचे डॉक्टर

मोहल्ल्यातल्या आमच्या शेजारच्या भाजीवाल्या मावशींचं प्रत्येक वाक्य 'आता पाय'नं, म्हणजे 'आता बघ'नं, सुरू होतं. कॉम्प्युटरच्या चिपमधल्या, केसाहून कितीतरी बारीक अशा जागेचं तापमान मोजण्यावर मी पीएचडी केली, तेव्हापासून त्यांच्या लेखी मी तापाचा डॉक्टर. परवा त्यांचे यजमान तापानं फणफणले, तशा त्या धावत आल्या. मी तसला डॉक्टर नाही हे पटवायला, तापल्यावर चिपमधल्या डायोडचं व्होल्टेज कसं उतरतं, ते मी समजावू लागलो. पदर सावरत त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आता पाय, तुले मोटरसायकल तं चालवता येते ना?"

काकांना मधे बसवून आम्ही दवाखाना गाठला. सलाईन लागलं, दोन दिवसांत काका बरे झाले.

काल बाजारात मावशी गिऱ्हाइकांना सांगत होत्या, "आता पाय, यानं नुसता हात लावला अन् ताप उतरला!"

मी तिथंच उभा होतो. गंभीरपणे मान डोलावली.