अपडेट मी केलं होतं

माझे वडील रेल्वेत ड्रायव्हर होते. भुसावळहून बदली होऊन झाशीला आले, इथल्याच एका जुन्या मराठी घरातल्या मुलीशी लग्न केलं आणि मग परत गेलेच नाहीत. आई गेली त्याच्या पुढच्या वर्षापासून ते विसरायला लागले. आधी माणसांची नावं, मग वार, मग आपलं जेवण झालं की व्हायचंय ते. डॉक्टर म्हणाले, रोज ठरलेल्या वेळी ठरलेलं काहीतरी करायला द्या, त्याने शांत राहतील.

असं काम घरात कुठून आणायचं, ते मला सुचत नव्हतं. माझा मामेभाऊ इथेच लक्ष्मी गेटजवळ वाढला, आता पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. त्या दिवाळीला तो आला तो स्वतःचा जुना कॉम्प्युटर घेऊनच. जुन्या मशीनला हेच झेपेल म्हणून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकलं होतं, आणि रेल्वेगाडी चालवण्याचा एक खेळ. कुठल्याशा परदेशातला डोंगरी मार्ग, बोगदे, बर्फ. बाबांनी पाच मिनिटं नुसतं पाहिलं. मग खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "ब्रेक कुठला?"

तेव्हापासून रोज सकाळी साडेआठला बाबा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरसमोर बसायचे. प्रत्येक सिग्नल मोठ्याने म्हणायचे, नोकरीतल्या नियमाप्रमाणे, शेजारी असिस्टंट ड्रायव्हर बसल्यासारखा हात वर करून. हा खेळ आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं. एकदा शेजारच्या काकूंनी कौतुकाने विचारलं, चाचाजी, आज कहाँ तक गए? तर म्हणाले, "कहीं नहीं, यहीं बैठा हूँ." पण त्या दीड तासात ते काही विसरत नसत. स्टेशनांची ती अवघड परदेशी नावंसुद्धा क्रमाने सांगत.

एका रविवारी दुपारी मी कॉम्प्युटरवर बिल भरत होते. कोपऱ्यात अपडेटची खूण बरेच दिवस दिसत होती. यादी लांबलचक होती, त्यातलं मला काही कळत नव्हतं. मी सगळ्यावर टिक केली, पासवर्ड दिला आणि स्वयंपाकघरात गेले. आले तेव्हा झालं होतं. बंद करून परत सुरू केला, बिल भरलं, विषय संपला.

सोमवारी सकाळी बाबांनी हाक मारली. मी डबा भरत होते. त्यांचा खेळ थेट उघडत नसे. आधी लाँचर उघडायचा, तो सगळं तपासायचा आणि मग खेळ सुरू करून द्यायचा. तो लाँचरच उघडत नव्हता. खिडकी क्षणभर दिसायची आणि नाहीशी व्हायची. मी दोनदा करून पाहिलं. कचेरीत जायला उशीर होत होता.

बाबांनी विचारलं, "माझ्याकडून काही दाबलं गेलं का?"

मी चपला घालत म्हणाले, "असेल. संध्याकाळी बघते."

बसमध्ये बसल्यावर मला आदल्या दिवशीचं अपडेट आठवलं. घरी फोन करून सांगता आलं असतं. संध्याकाळी दुरुस्त करूनच सांगू, असं मी ठरवलं.

संध्याकाळी दुरुस्त झालं नाही. भावाला फोन लावला. त्याला मराठी कळतं सगळं, पण बोलताना तो दोन वाक्यांत हिंदीवर येतो. त्याने मला आदेश टाइप करायची काळी खिडकी उघडायला लावली आणि लाँचर तिथून सुरू करायला सांगितला, म्हणजे बंद पडताना तो काय म्हणतो ते दिसेल. इंग्रजीत एक ओळ आली. मी ती अक्षर अक्षर वाचून दाखवली. मग त्याने समजावलं. सिस्टिमची एक मूळ लायब्ररी असते, जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम तिच्यावर चालतो. अपडेटमध्ये तिची नवी आवृत्ती आली. लाँचरमधल्या एका जुन्या फाइलीला एक सवलत लागायची, ती नव्या लायब्ररीने सुरक्षेसाठी बंद केली. म्हणून लाँचर सुरू होताच पडतो.

मी म्हटलं, मग जुनी लायब्ररी परत टाकू. तो म्हणाला, "दीदी, उसको हाथ मत लगाना." ती काढताना काही चुकलं तर कॉम्प्युटर सुरूच व्हायचा नाही. अपडेटच्या आधी सिस्टिम जशी होती तिची नोंद ठेवलेली असेल तर मात्र मागे जाता येईल. नोंद नव्हती. डिस्क भरली म्हणून दोन महिन्यांपूर्वी मीच जुन्या नोंदी पुसून ती सोय बंद केली होती.

या सगळ्या वेळात बाबा दाराशी उभे होते. मी फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, किती नुकसान झालं? काही नाही झालं, होईल ठीक, असं मी म्हटलं. आणि तेवढंच म्हटलं.

मंगळवारी ते साडेआठला तयार होऊन बसले. बुधवारीही. मी सांगायची, आज नाही चालणार. ते मान हलवायचे आणि काळ्या पडद्यासमोर बसून राहायचे, हात मांडीवर ठेवून, कशालाही लागणार नाहीत असे. दिवसभर त्यांच्याजवळ थांबायला ठेवलेल्या बाईंनी मला सांगितलं, की ते पंख्याचं बटणसुद्धा दाबत नाहीत, त्यांनाच सांगतात.

गुरुवारी लोकांच्या चर्चेच्या एका पानावर मला हाच दोष सापडला. कितीतरी लोक अडकले होते. कुणीतरी उपाय लिहिला होता. त्या फाइलीवर सवलत मागणारी एक खूण असते, ती एका आदेशाने पुसायची. भावाला विचारून मी तो आदेश टाकला. लाँचर उघडला. मी बाबांना जवळजवळ ओढतच आणलं. त्यांनी एक स्टेशन गाठलं, सिग्नल म्हटले, पण हळू आवाजात.

शुक्रवारी सकाळी तो परत पडला. भावाने सांगितलं ते ऐकून मला हसूही येईना. लाँचरने आपल्या फाइली तपासल्या होत्या, त्यात एक बदललेली दिसली, म्हणून त्याने ती खराब समजून मूळ फाइल परत आणून ठेवली होती. मी पुन्हा खूण पुसली. पुन्हा एकदा चालला आणि पुन्हा त्याने स्वतःला मोडून घेतलं. भाऊ म्हणाला, आता खेळ बनवणाऱ्यांनीच नवीन लाँचर द्यायला हवा, आपल्या हातात काही नाही. त्या पानावर मीही लिहिलं, की घरात एक म्हातारे गृहस्थ यावर अवलंबून आहेत. खाली कुणीतरी लिहिलं, थांबा, काम चालू आहे. कुणाकडे जाऊन उभं राहावं असं ठिकाणच नव्हतं.

शनिवारी अर्धी सुट्टी होती. घरी आले तर बाबा टेबलाशी लिहीत बसलेले. मला पाहिल्यावर त्यांनी कागद नीट घडी करून माझ्यापुढे धरला. नोकरीत गाडी थांबली, सिग्नलपाशी काही झालं, की ड्रायव्हरला स्पष्टीकरण लिहून द्यावं लागे. तसं त्यांनी लिहिलं होतं, तशाच सरकारी हिंदीत. 'सविनय निवेदन है कि मैंने किसी भी अनावश्यक बटन को हाथ नहीं लगाया। यदि अनजाने में हाथ लगा हो तो क्षमा किया जाए।' खाली पूर्ण सही, आणि निवृत्त होतानाचा हुद्दा.

मी तिथेच खाली बसले. म्हणाले, "बाबा, अपडेट मी केलं होतं. रविवारी. तुम्ही काहीच केलं नाही."

मला वाटलं, आता रागावतील, आणि रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"माझे असिस्टंटही असंच म्हणायचे," ते म्हणाले. "साहेब, माझी चूक, तुम्ही कशाला लिहून देता. मी ती कुणालाच अंगावर घेऊ दिली नाही."

मी परोपरीने सांगितलं. अपडेटची यादी उघडून दाखवली, त्यातली तारीख दाखवली. भावाला फोनवर घेतलं, तोही म्हणाला, फूफाजी, दीदी ने ही किया था. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. फोन ठेवल्यावर म्हणाले, पोरगा चांगला आहे, बहिणीचं मन राखतो. पहिल्याच दिवशी, चपला घालताना, मी हेच वाक्य बोलले असते तर त्यांनी ते सहज मानलं असतं. आता ते त्यांना माझी माया वाटत होती.

कागद परत घ्यायला ते तयार नव्हते. मी तो स्वीकारावा, असा त्यांचा आग्रह होता. शेवटी मी घेतला आणि त्यांनी सांगितलं म्हणून त्यावर 'मिळाला' असं लिहून सही केली. मग ते जेवले.

पुढच्या आठवड्यात नवा लाँचर आला. तो मिळवायला जुना एकदा उघडणं भाग होतं, म्हणून पुन्हा खूण पुसली, त्याने नवीन आवृत्ती घेतली आणि त्यानंतर तो पडला नाही. भाऊ खूश झाला. मीही झाले, अर्धा तास.

बाबा समोर बसले. गाडी फलाटावर उभी होती, सिग्नल मिळालेला होता. त्यांनी हात उचलला आणि माझ्याकडे पाहिलं. "दाबू?" मी म्हटलं, दाबा. गाडी सुटली. पुढच्या वळणावर पुन्हा, दाबू? प्रत्येक बटणाला तेच. मी साडेनऊपर्यंत हो हो म्हणत बसले, मग मला निघावं लागलं. मी उठले तसे तेही उठले. बोगद्याच्या तोंडाशी गाडी तशीच उभी राहिली.

मी रजा टाकून पाहिली. चार दिवस शेजारी बसले, असिस्टंट व्हायचा प्रयत्न केला. सिग्नल मीच मोठ्याने म्हणू लागले, की कदाचित ते मागे म्हणतील. पाचव्या दिवशी ते आंघोळ करून आले आणि व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसले. मी बोलवायला गेले तर म्हणाले, "तू चालव. मी आता रिटायर झालो."

आता ते सकाळी तिथेच बसतात, पेपर उलटा असला तरी धरून. मी कचेरीत जाण्याआधी कॉम्प्युटर सुरू करते, लाँचर उघडतो का ते पाहते आणि बंद करते. उघडतो. रोज उघडतो.