एकाच गाण्याच्या चार तबकड्या

एकाच गाण्यावर आयुष्य काढू शकेल असा माणूस अख्ख्या सातारा जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामा पलटणीच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचे. दुसरी मोठी लढाई संपल्यावर इजिप्तातून परतताना लोकांनी घड्याळं आणली, कांबळी आणली. मामांनी आणला एक ग्रामोफोन आणि एकाच विलायती नाचगाण्याच्या चार तबकड्या. पाहुण्यापुढे पाण्याच्या तांब्याआधी गाण्याचा इतिहास यायचा. "ही पयली. हिच्यावर जोडपी संथ नाचायची. दुसरीत बँडवाल्यानं गाणं घोड्यागत पळवलं. तिसरीत गाणाऱ्या बाईला गप बसवलं, नुसता बाजा ठेवला. आन् चौथी लढाईतली; सूर बघा कसा दमलाय." एकदा सोयरीक ठरवायला आलेली मंडळी तिसऱ्या तबकडीला उठू लागली, तर मामांनी त्यांना दटावून बसवलं. सोयरीक मोडली, तबकडी पुरी झाली.

मी तेव्हा सांगलीत इंग्रजी शिकवत होतो, नवाकोरा जावई. पहिल्याच भेटीत घराच्या पुढच्या, माणसांनी भरलेल्या सोप्यात मामांनी विचारलं, "जावईबापू, तुमी बीए. बाई काय म्हणती?" मला एक शब्द कळला असेल तर शपथ! पण बीएची अब्रू होती. डोळे मिटून म्हणालो, "ती म्हणते, तू कितीही दूर गेलास तरी मी रोज दारात उभी राहीन." मामांनी तबकडी पुन्हा लावली. मग दर भेटीला मामा गाव गोळा करीत आणि मी तोच अर्थ आणखी गहिवरून सांगे.

पुढे मामा मूतखड्याच्या ऑपरेशनसाठी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात गेले, अर्थात ग्रामोफोनसकट. तिथल्या गोऱ्या नर्सनं गाणं ऐकून हसत हसत अर्थ सांगितला: बाई हरवलेली टोपी शोधते आहे! उशाशी बसलेल्या माझ्या बायकोनं ही बातमी मला पोट धरधरून हसत सांगितली.

दिवाळीला मामांकडे जाणं भागच होतं. सोपा भरलेला. मी मामांना बाजूला घेऊन म्हणालो, "मामा, चुकलं माझं. गाण्यातलं इंग्रजी मला कळत नाही."

"ते कळलं मला," मामा हळू आवाजात म्हणाले. "ती खांबाला टेकून बसलीया न्हवं, ती माज्या जोडीदाराची बायकू. आमी दोघं शेजारी उभं राहून ह्येच वाजवायचो. त्यो लढाईत तिकडंच ऱ्हायला. तिला तुमचाच अर्थ ठावं हाय. आता टोपी कशाला काढता?"

मी सोप्यात परतलो आणि अर्थ सांगितला. आयुष्यात इतकं खोटं इतक्या मनापासून मी कधी बोललो नाही. 

मग खांबापाशी बसलेली ती बाई म्हणाली, "मास्तर, फिरून येकदा सांगा की."

मी सांगितलं.