सगळं औषध

गाठीबाई हे नाव तिला शेतकी प्रयोगशाळेच्या ड्रायव्हरने ठेवलं आणि ते असं चिकटलं, की पगाराच्या दिवशी कारकूनही त्याच नावाने हाक मारू लागला. शेतात गेली की ही बाई आधी कुणाशी बोलायची नाही. एक रोप मुळासकट उपटायची, बाटलीतल्या पाण्याने मुळं धुवायची आणि चष्मा कपाळावर चढवून गाठी शोधायची. हरभऱ्याच्या मुळांवर मुगाएवढ्या गाठी येतात. त्यांत जिवाणू राहतात आणि हवेतलं नत्र ओढून रोपाला देतात. गाठ नखाने फोडल्यावर आत गुलाबी निघाली, की समजायचं कारभार ठीक चाललाय. एकदा एक गृहस्थ बायकोला घेऊन थेट प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले, हातात एक्स-रेचं पाकीट. "गाठींच्या बाई इथेच बसतात ना?" तिने दोघांना पाणी दिलं, मोठ्या हॉस्पिटलचा रस्ता समजावून सांगितला आणि तो अख्खा दिवस ड्रायव्हरशी बोलली नाही.

जिवाणू वाढवणं हेच तिचं काम. जमिनीतून उचललेला चांगल्या जातीचा जिवाणू काचेच्या नळीत जपायचा, त्यातला सुईच्या टोकावर येईल एवढा घेऊन साखरेच्या पाण्यात सोडायचा, ती चंबूंची रांग हलत्या यंत्रावर चढवायची आणि पाणी दुधाळ झालं की काळ्या भुकटीत कालवून पेरणीआधी बियाण्याला लावण्यासाठी पाकिटं भरायची. ऐकायला सोपं आहे. पण एखादी परकी बुरशी आत शिरली की सगळी खेप मोरीत ओतावी लागते, म्हणून बोलायचं नाही, शिंकायचं नाही, पंखा लावायचा नाही, आणि हात बर्नरच्या ज्योतीपाशी धरून तासन्‌तास उभं राहायचं. पायांवरच्या शिरा फुगल्या होत्या. निवृत्तीनंतर काय करणार असं कुणी विचारलं, की ती म्हणायची, "झोपणार." लोक हसायचे. ती थट्टा करत नसे.

तिला खरं थकवलं होतं ते एका शब्दाने. औषध. लोकांच्या लेखी किड्यांवर फवारायचं ते औषध, तणावर मारायचं ते औषध, बुरशीला लावायचं ते औषध, आणि गाठीबाईच्या पाकिटात असायचं तेही औषधच. आता पहिली तिन्ही मारायला असतात आणि हिचं जगवायला, हे कुणाच्या ध्यानात राहायचं नाही. मग पाकीट तापत्या पत्र्याखाली पडून राहायचं, नाहीतर विषारी डब्यांच्या फळीवर जाऊन बसायचं. "अहो, हे औषध नाही, आत जिवंत जीव आहेत," असं तिने कानीकपाळी ओरडून सांगितलं, पाकिटावर लाल अक्षरांत छापून घेतलं. लोक मान डोलवायचे आणि म्हणायचे, "बाई, औषध मात्र चांगलं द्या हां." शेवटी तिने हात टेकले. हल्ली तीही औषधच म्हणायची. घसा कुणाचा फुकटचा नसतो.

तिचा मोठा भाऊ, दादा, शहराबाहेर वडिलांचं शेत कसत होता. दोन्ही गुडघे गेलेले, मुलं परदेशी, मदतीला एकटी वहिनी. जमिनीवर इतकी वर्षं नुसती रासायनिक खताची पोती रिकामी केलेली, शेणखत नाही की पालापाचोळा नाही. पाणी दिलं तर वरच थांबायचं आणि ढेकूळ लाथेने फुटायचं नाही. माती किती जिवंत आहे हे बघायला बाईने एकदा दादाचं जुनं सुती बनियन बांधाजवळ पुरून ठेवलं होतं. चांगली माती महिन्या-दोन महिन्यांत बनियनची चाळण करते. इथे ते निघालं जसंच्या तसं. वहिनीने धुऊन वाळत टाकलं आणि दादा ते घालून बाजारात जाऊन आला.

गेल्या वर्षी वीटभट्टीवाला दारात आला. त्याला शेत नको होतं, वरची हातभर माती हवी होती. ती एकदा उचलून नेली की खाली राहतो मुरूम, आणि मग तिथे काही होत नाही. दादा द्यायला तयारच होता. बाई हातापाया पडली, भांडली, रडलीसुद्धा. तेव्हा दादा म्हणाला, "ठीक आहे. एक हंगाम तुझा. हरभरा पेरतो, पोत्यातलं काही टाकत नाही, तू म्हणशील ते करतो. गाठी आल्या तर माती राहील. नाहीतर मला आणखी ओढू नकोस." वडिलांच्या हातची ती माती होती. बाईला बाकी काही नको होतं, तेवढी जागेवर राहायला हवी होती.

पेरणीच्या आदल्या दिवशी यंत्र बंद पडलं, दोन दिवसांची खेप नासली आणि बाई मोरीपाशी उभी राहून चंबू घासत होती. दादाचा फोन आला. त्याने बियाण्याला लावायचं विचारलं, तिने खांद्याने फोन कानाशी दाबून उत्तर दिलं, आणि ती पुन्हा चंबूंकडे वळली.

पेरणीनंतर महिनाभराने सुट्टीच्या दिवशी ती शेतावर गेली. हरभरा वीतभर झाला होता, पण पिवळट. तिने एक रोप उपटलं, मुळं धुतली. गाठ नाही. दुसरं उपटलं. नाही. ती वाकून वाकून ओळीच्या शेवटापर्यंत गेली. एखाद्या रोपाला राईएवढी एक गाठ सापडली, ती फोडली तर आत पांढरीफटक. दादा बांधावर काठी टेकून उभा होता.

"बियाण्याला नीट लावलं होतं ना रे?"

"तू सांगितलंस तसंच. सगळं."

"सगळं म्हणजे?"

वहिनीने डोक्यावरची पाटी खाली ठेवली. "अहो वन्सं, मी स्वतः कालवलं. तुमची काळी पाकिटं आणि दुकानातून आणलेलं बुरशीचं गुलाबी औषध, दोन्ही एकाच बादलीत. रात्रभर मुरू दिलं. यांनी तुम्हाला फोनवर विचारलं होतं, सगळं औषध लावू ना म्हणून."

"आणि मी काय म्हटलं?"

"तू म्हणालीस, हो रे बाबा, सगळं लाव," दादा म्हणाला.

ती बांधावर बसली. तिला म्हणायचं होतं सगळी पाकिटं. एखादं उरवून ठेवू नकोस, एवढंच. आणि त्या बादलीत तिचे जिवाणू रात्रभर मरत बसले होते. अख्ख्या तालुक्याला जो शब्द वापरू नका म्हणून ती ओरडत फिरली, त्यालाच तिने सख्ख्या भावाशी फोनवर बोलताना अर्धवट ऐकत हो म्हटलं होतं. आता माती वाईट निघाली असं म्हटलं असतं तर दादाने मानलं असतं. मूग गिळून गप्प बसावं, असं तिला क्षणभर वाटलंही.

"चूक माझी आहे दादा," ती म्हणाली. "त्या गुलाबी औषधाने माझे जीव मेले. मातीची परीक्षा झालीच नाही. मी मेलेलंच पेरायला लावलं तुला."

"बरं."

"बरं काय? पुढच्या हंगामात पुन्हा करू. या खेपेला मी स्वतः येऊन लावते."

"आणि मग होईल?"

खोटं बोलायला तिची जीभ वळली नाही. "एका हंगामात नाही. शेणखत घालावं लागेल, खत म्हणून ताग पेरून गाडावा लागेल, गांडुळं यावी लागतील. तीन वर्षं तरी लागतील."

दादा हसला. त्या हसण्यात राग असता तर तिला बरं वाटलं असतं. "अगं, माझा तुझ्यावर विश्वास आहे. कधी नव्हता? तू म्हणतेस तर ही माती उठेलही. पण मी उठत नाही ना सकाळी. ही दोन हातांनी धरून उठवते मला. तीन वर्षं कुठून आणू? भट्टीवाल्याला आज संध्याकाळी कळवायचंय."

वहिनी दुसरीकडे बघत राहिली. इतकी वर्षं तिला वाटायचं, की लोकांना पटत नाही म्हणून जमिनी मरतात. इथे तर सगळं पटलेलं होतं. माणूस दमला होता, बस. आणि दमणं म्हणजे काय हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिला स्वतःला त्या बांधावर आडवं व्हावंसं वाटत होतं.

"मग मी कसते," ती म्हणाली, आणि स्वतःचंच बोलणं ऐकून चिडली.

"काय?"

"या हंगामाअखेर सुटतेय मी नोकरीतून. इकडे येऊन राहते. मागची खोली दे."

"तुला नांगर धरता येतो?"

"नाही."

"पाणी तरी देता येतं?"

"शिकव. खाटेवर बसून ओरड हवं तर. लहानपणी दुसरं काय करायचास?"

"आणि नाहीच जमलं तर?"

"तर भट्टी कुठे पळून जातेय?"

दादाने वहिनीकडे पाहिलं. वहिनी म्हणाली, "खोलीत पोती आहेत, ती तेवढी काढावी लागतील," आणि पाटी उचलून चालू लागली. दादाने खिशातून फोन काढला, डोळ्यांपासून लांब धरून नंबर शोधला. "हां, मी बोलतोय. माती द्यायची नाही. नाही, पैशांचा प्रश्न नाही. बहीण कसायला घेतेय. हो, तीच. नाही, तिला शेतीतलं काही येत नाही." फोन खिशात गेला. "झालं," तो म्हणाला. "आता तू सांगशील तसं."

हे वाक्य कुणाच्या तरी तोंडून ऐकावं म्हणून ती जन्मभर बांधोबांध फिरली होती. आज ऐकलं आणि तिला आनंद झाला नाही, धडकी भरली. समोर ते कडक, पिवळं शेत होतं, पार रस्त्यापर्यंत. आजवर ती गाठी बघायची, काय करायचं ते सांगायची आणि जीपमध्ये बसून निघून जायची. बाकीचं ज्याचं तो बघायचा. आता ते बाकीचं सगळं तिच्या वाट्याला आलं होतं.