भिंतीपलीकडचा मृदंग

ज्याला ढोलकी आणि मृदंग यांतला फरक कळत नाही त्यानं गाण्याबजावण्यावर बोलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सेलूतले आमचे घरमालक मात्र बोलायचे. संध्याकाळी अडत दुकान बंद करून आले की ओट्यावर बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून बोलायचे. कापसाची प्रत बोटांनी चाचपून बरोबर सांगणारा माणूस. कान मात्र नुसते टोपी अडकवायला होते.

मी तेव्हा बँकेत कारकून होतो. आम्ही बौद्ध, पण माझं आडनाव मराठ्यांतही सापडतं. मालकांनी आडनाव ऐकलं, बँकेचं नाव ऐकलं आणि त्यांचं समाधान झालं. मी खोटं बोललो नाही. पुढचं विचारायचं त्यांच्याकडून राहिलं, त्याला मी काय करू? विद्यापीठाच्या नामांतराचा वाद चालू होता ते दिवस. ज्यांनी विद्यापीठ लांबूनही पाहिलं नव्हतं ते त्याच्या नावासाठी जीव द्यायला निघाले होते, अर्थात दुसऱ्याचा. आमचे मालक प्रत्येक गोष्ट कापसाच्या भावानं मोजत. "नाव बदलून काय कापसाला भाव येणार हाय का?" असं विचारून ते चहूकडे बघत, आणि ओट्यावरची मंडळी फार मोठा मुद्दा ऐकल्यासारखी माना हलवत.

मला नाद आवाजाचा. तंबूतला एक सिनेमा बंद पडला तेव्हा त्याच्या पडद्यामागचे दोन कर्णे मी घरी आणले. लग्नात झाडाला बांधतात तो पत्र्याचा भोंगा नव्हे; ही कपाटाएवढी लाकडी खोकी, आतला लहानसा स्पीकर मागं खोल बसवलेला, आणि पुढं तोंड रुंद होत गेलेलं. समोरच्या खोलीत ते उभे केल्यावर माणसांना बसायला जागा उरली नाही. बायको म्हणाली, "आता पाव्हण्यांना कर्ण्यात बसवा."

पण तिनंच पहिली कॅसेट लावली. तिचे वडील जिंतूर तालुक्यातले, बोरीकडचे. गावोगाव जलसे करायचे. गाणी स्वतः रचायचे, स्वतः गायचे, आणि तिचे काका ढोलकीवर. भीमगीतं, दीक्षेची गाणी, विहिरीची गाणी. नामांतरावरून अठ्ठ्याहत्तर साली मराठवाड्यात आमच्या वस्त्यांवर हल्ले झाले, घरं पेटली. त्यानंतर घरच्यांनी त्यांचं फिरणं बंद केलं. शेवटच्या एका जलशाची ही कॅसेट तेवढी तिच्याकडे होती. कर्ण्यांतून सासऱ्यांचा आवाज असा आला, की जणू ते समोर मांडी घालून बसलेत. शब्द न् शब्द सुटा. ढोलकी मात्र काडेपेटीवर बोटं वाजवल्यासारखी. बायको ऐकत राहिली आणि म्हणाली, "काकाचा डावा हात कुठं गेला?"

डावा हात म्हणजे ढोलकीचा घुमारा. एवढा खालचा आवाज त्या कर्ण्यांच्या आवाक्यातला नव्हता. त्याला वेगळा, मोठा स्पीकर लागतो. आजकालची पोरं ज्याला सबवूफर म्हणतात, त्याला आम्ही बेसचा डबा म्हणायचो. तो कसा निवडावा यावर सेलूत प्रत्येकाचं मत तयार होतं. आमच्या साडूंनी सांगितलं, रांजणाच्या तोंडावर स्पीकर पालथा घाला, दुसरं काही लागत नाही. घातला. रांजणाला एकच सूर ठाऊक असतो. गाणं कुठलंही लावा, तो आपला घूं करून तोच सूर धरतो आणि सोडत नाही. साडूही तसेच होते, त्यामुळे त्यांना तो फार आवडला.

मग रेडिओ दुरुस्त करणारा एक मिस्तरी आला. त्यानं सुताराकडून प्लायवूडचा डबा करून घेतला, त्यात परातीएवढा वूफर बसवला आणि डबा खोलीच्या कोपऱ्यात ढकलला. "कोपऱ्यात बेस डबल येतो साहेब," तो म्हणाला. बेस आला की नाही हे बघायचं त्याचं यंत्र म्हणजे आमच्या फळीवरचा स्टीलचा पेला. पेला थरथरला की मिस्तरी खूश. पेला थरथरत थरथरत खाली पडला तेव्हा तर त्याला कृतकृत्य वाटलं. इकडे सासऱ्यांच्या तोंडात कुणीतरी बोळा कोंबला होता. डबा ढोलकीबरोबर त्यांचा आवाजही घोळून घोळून बाहेर टाकत होता आणि शब्द त्यात बुडत होते. मी तसं म्हणालो तर मिस्तरी हसला. "शब्द कोन ऐकतंय साहेब?"

हा कोपरा मालकांच्या भिंतीला लागून होता. दुसऱ्या दिवशी मालक दारात आले. मला वाटलं, आता भांडण. पण चेहरा प्रसन्न होता.

"मृदंग लय गोड वाजायलाय तुमच्याकडं," ते म्हणाले. "रोज भजन लावता जनू."

मग लक्षात आलं. घुमारा भिंतीतून जातो, शब्द जात नाहीत. पलीकडे नुसतं धूम धूम पोचत होतं, आणि त्यात मालकांनी आपल्या मनातला देव भरला होता.

"एकादशीला जरा मोठं लावा," जाताना म्हणाले. "आमचे पाव्हणे यायलेत."

मी लावलं. त्या दिवशी सासऱ्यांच्या जलशावर ओट्यावर भिंतीला पाठ टेकून मालकांचे अडते पाहुणे डोलत होते, मांडीवर ताल धरत होते. मी बंद खिडकीच्या फटीतून पाहिलं आणि मला इतकं हसू आलं की तोंडात रुमाल धरावा लागला. एका पाहुण्यानं मालकांना सांगितलं, "भाडेकरू ठेवावं तर आसं धार्मिक." मालकांनी मान डोलावली, आणि त्याच ओट्यावरून, त्याच तालावर नामांतराचा विषय काढून म्हणाले, "न्हाईतर ही लोकं. लय माजलीत." बोटं मांडीवर चालूच होती. असल्या माणसांचा राग येण्याइतकीही त्यांची लायकी मला वाटली नाही.

बायकोला मात्र हसू आलं नाही. पाहुणे गेल्यावर तिनं टेप बंद केला.

"तुमाला गंमत वाटायलीय," ती म्हणाली. "माझा बाप हितं गळा फाडून सांगायलाय आन त्ये त्याच्यावर एकादशी करायलेत. बापाचं तोंड बांधून नुस्तं ढोल वाजवायलो आपण त्यांच्यापुढं."

"शब्द ऐकू गेले तर जागा जाईल," मी म्हणालो. तेव्हा सेलूत आमच्या माणसाला चांगल्या वस्तीत जागा मिळवणं काय होतं, ते तिलाही माहीत होतं.

"जाईल," ती म्हणाली. "तुमी आवाज नीट करा."

मिस्तरीला मी पुन्हा घरात घेतला नाही. डब्याच्या वायरीत तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, त्याचे वेढे वाढवले की वरचे आवाज त्यातून जात नाहीत, हे एका जुन्या पुस्तकात वाचलं होतं. तार वाढवत गेलो, तसा डबा सासऱ्यांच्या आवाजातून निघून नुसत्या ढोलकीवर आला. मग तो कोपऱ्यातून काढला आणि दोन कर्ण्यांच्या मध्ये आणला. बायको समोर डोळे मिटून बसली.

"काका आधी यायलाय, बाप मागून," ती म्हणाली.

बरोबर होतं. कर्ण्यातला आवाज आतून तोंडापर्यंत चालत येतो. डबा पुढं असला की त्याचा ठोका आधी पोचतो. मी डबा मागं सरकवला. ती नको म्हणाली. अजून सरकवला, आवाज थोडा उतरवला, पुन्हा तार वाढवली. मिस्तरीचा पेला फळीवर गप उभा होता. शेवटी ती म्हणाली, "आता दोघं संगट बसले." तिच्या काकांचा डावा हात तिच्या बापाच्या शब्दाखाली बरोबर पडत होता, आणि तो शब्द ढोलकीवर उभा असल्यासारखा वाटत होता.

संध्याकाळी तिनं समोरचं दार आणि खिडकी दोन्ही उघडली. मालक ओट्यावर होते. आवाज एकादशीच्या निम्माही नव्हता. ढोलकी सुरू झाली तशी त्यांची बोटं मांडीवर गेली. मग सासरे आले:

आडाला इचारलं, आड काय बोलंना,
दोराला इचारलं, दोर काय बोलंना,
मालकाला इचारलं, तोंड त्याचं थांबंना.

'मालक' शब्दावर बोटं थांबली. पुढं गाण्यात गावकुसाबाहेरची वस्ती आली, दीक्षा आली, आणि गाणं संपता संपता जलशातल्या सगळ्या लोकांनी मिळून दिलेला 'जय भीम' आला. दुसरं गाणं सुरू झालं तेव्हा मालक आमच्या दारात उभे होते. उंबऱ्याच्या आत पाय आला नाही. त्याआधी रोज यायचा.

"आवाज लय मोठा झालाय," ते म्हणाले.

बायकोनं आवाज निम्मा केला. ते तसेच उभे.

"आजून मोठा हाय."

तिनं आणखी उतरवला. आता मलाही कान द्यावा लागत होता.

"न्हाई. त्रास व्हायलाय आमाला."

तिनं टेप बंद केला. गल्लीत कुणाची तरी सायकल गेली, तिची साखळी वाजलेली ऐकू आली. मालक हलले नाहीत.

"आता तरी कमी झाला का?" तिनं विचारलं.

"जागा कधी सोडायलात?" मालक म्हणाले.

"पयल्या तारखेला," ती म्हणाली, आणि तिनं बटन पुन्हा दाबलं.