भुरीच्या वाटचं पाणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि जिला सांगायला हवं होतं त्या फुईला तर नाहीच. फुई म्हणजे माझी आत्या – आम्ही खानदेशातले, आमच्यात फुईच म्हणतात. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही तिला कधी भेटणार नाही. बघा, इथेही भित्राच!

मी प्लंबर. लिंबायत, गोडादरा, भेस्तान – शहरातल्या या वस्त्यांच्या निम्म्या इमारतींत माझ्या हातचे नळ आहेत. फुईने भेस्तानच्या पलीकडे एक शेत कसायला घेतलंय, तिथे तिच्या सात म्हशी. बोअर आणि टाकी रस्त्याकडेला, म्हशींची सावली मात्र शेताच्या पार दुसऱ्या टोकाला, बाभळींखाली. तिथवर पाईप टाकून हवाडा, म्हणजे जनावरांना पाणी प्यायचा हौद, बांधायचं काम तिने मला दिलं. तिचं एकच सांगणं होतं – हवाडा मोठा बांध, त्या सगळ्या एकदमच पितात.

मी हसलो. मला पाण्यातलं शिकवणार ही? हवाडा छोटा केला, अर्ध्या इंचाचा पाईप टाकला, वर बॉलकॉक लावला. पाणी उतरलं की आपोआप भरत राहणार. दिवसभराचा हिशेब मी मनात केला होता – सात म्हशींना पुरून उरेल इतकं पाणी! इमारतीत असंच चालतं ना? अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो होतो, दुसरं काय.

मग एका दुपारी, भर वैशाखात, सहज शेतावर गेलो. फुई दूध घालायला गोडादऱ्यात गेली होती. म्हशी उठल्या. पुढे काळी, ती त्यांची म्होरकी, आणि मागे एकामागे एक बाकीच्या. सगळ्यात शेवटी भुरी, एक शिंग वाकडं असलेली. म्हैस पाणी पिताना तुम्ही कधी नीट पाहिलीय? मी तोवर पाहिली नव्हती. आवाज नाही, घाई नाही – फक्त गळा हलतो, आणि पाण्याची पातळी डोळ्यांदेखत खाली जाते. मी थक्क होऊन उभा होतो. एवढी तहान एका जिवात मावते?

भुरीची पाळी आली तेव्हा तळाशी ओल उरली होती. बॉलकॉकमधून करंगळीएवढी धार. तिने तळ चाटला, मग त्या धारेला ओठ लावले. तेवढ्यात काळी सावलीकडे वळली, तिच्यामागे सगळ्या वळल्या – आणि भुरीही वळली. तहानलेली! तिने ढुशी दिली नाही, हंबरली नाही, कळप सोडून मागे थांबली नाही. मला त्या जनावरापुढे हात जोडावेसे वाटले. तासाभराने हवाडा काठोकाठ भरला, तेव्हा तिथे कुणीच नव्हतं.

फुई रोज परतायची ती या भरलेल्या हवाड्याकडे. मग तिला संशय यावा तरी कसा?

त्याच संध्याकाळी ती म्हणाली, भुरीचं दूध आटत चाललंय. आणि मग सरळ माझ्याकडे बघून विचारलं – "पानी सगळास्ले पुरस ना रे भाऊ?"

"पुरस ना फुई. पानीनी काही कमी नही."

एवढंच बोललो. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. डॉक्टर आणला, पेंड बदलली, दृष्टसुद्धा काढली. सकाळी गोठ्यात मिळणाऱ्या बादलीवर भुरी तगून होती, बरगड्या मोजता येत होत्या. मी येत होतो, चहा पीत होतो, तोंडात मिठाची गुळणी धरून बसत होतो. शेवटी फुईने तिला व्यापाऱ्याला दिली. टेम्पोत चढवताना तिच्या वाकड्या शिंगाला हळद लावली, आणि पदर तोंडाशी धरून पाठ फिरवली. दोर मी धरला होता.

पंधरा दिवसांनी पाईप तडकल्याचं सांगून मी नवा मोठा पाईप टाकला, हवाडाही लांबलचक बांधला. आता सहाच्या सहा म्हशी खांद्याला खांदा लावून एकदम पितात. सहा काळी डोकी, सहा गळे, आणि तरीही पाणी उरतं. ते बघताना माझ्या अंगावर आजही काटा येतो. फुई चार लोकांत सांगते, माझ्या भाच्याच्या हाताला गुण आहे.

परवा ती माझ्या शेजारी उभी राहून बघत होती. नवल वाटून म्हणाली, "पह्यले यास्ले इतली तहान नही व्हती रे."

तहान तेवढीच होती, फुई. हे मी मनात म्हणालो, आणि नळाची चावी उगाच घट्ट करत बसलो.