खुशालरावांचा ‘तीन वार’

अकोटच्या बाजारात कापसाचा हर्रास पुकारायला खुशालराव उभे राहिले की लाऊडस्पीकरची गरज पडत नसे. गाडीवर चढायचं, मूठभर कापूस उपसून वर धरायचा आणि कोपऱ्यातल्या व्यापाऱ्याने ओठातल्या ओठात केलेली बोलीसुद्धा उचलून साऱ्या आवारभर ऐकवायची. कानावर पडलं की पुकारायचं, हाच त्यांचा धंदा. पण ही खोड बाजाराच्या फाटकाशी थोडीच थांबते! घरी वच्छलाबाई पुटपुटल्या, “मीठ संपलं वाटते,” की हे अंगणात जाऊन गरजायचे, “मीठ संपलं!” आणि शेजारीण वाटी घेऊन हजर. लेकीच्या, सीमाच्या लग्नात तर अमरावतीच्या कार्यालयात भटजींचा पहिलाच ‘सावधान’ यांनी असा पुकारला, की बँडवाल्यांना वाटलं लग्न लागलं. त्यांनी वाजवायला सुरुवात केली आणि उरलेली मंगलाष्टकं कोणालाच ऐकू आली नाहीत.

तर अशा माणसाला मुतखडा झाला. खडा आपला आपण पडून गेला, पण तो शोधायला काढलेल्या स्कॅनमध्ये किडनीच्या डोक्यावरच्या ग्रंथीत एक गाठ दिसली. खुशालराव डॉक्टरांवरच उखडले. “इथं ग्रंथी हाये हे मले साठ वर्सं कोणी सांगतलं नाई, अन् आता सांगता ते गाठीसकट!”

गाठ साधी की कॅन्सरची, हे त्या स्कॅनवरून ठरेना. साध्या गाठीत बहुतेक वेळा चरबी असते आणि ती एमआरआयमध्ये कळते, तेव्हा अकोल्याला जा, असं डॉक्टरांनी सांगितलं. खुशालराव म्हणाले, “माया अंगात चरबी हाये का नाई हे बायकोले विचारा ना, मशीन कायले पाह्यजे?” वच्छलाबाई हसल्या नाहीत. बाहेर आल्यावर खुशालरावही हसले नाहीत. सीमाला सातवा महिना लागला होता. अकोल्याच्या एसटीत बसल्यावर खिडकीबाहेर बघत ते एवढंच म्हणाले, “नातवाचं तोंड पाहाले भेटते का नाई, कोणाले मालूम.” घाबरले होते ते, चांगलेच घाबरले होते.

अकोल्यात जठारपेठेतल्या एमआरआय सेंटरमध्ये मशीन चालवायला महेजबीन नावाची मुलगी होती. तिने त्यांना नळकांड्यात सरकवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि काचेमागून माइकवर म्हणाली, “काका, श्वास घ्या. सोडा. आता रोका.”

“रोका!” नळकांड्यातून गर्जना झाली.

चित्र हललं. महेजबीनने समजावलं, “काका, श्वास रोकला की बोलाचं नाई.”

“बोलाचं नाई!” खुशालरावांनी पुकारलं.

त्यांनी गळ्याची शपथ घेतली, ओठ दाताखाली दाबले, तरी पुढच्या ‘रोका’ला ओठ आपोआप सुटले. महेजबीन रडकुंडीला आली. पोट हललं की गाठीचं चित्र फरकटतं, आणि फरकटलेल्या चित्रावरून डॉक्टर काय सांगणार? शेवटी ती बाहेर बाकावर बसलेल्या वच्छलाबाईंकडे गेली. “काकू, काका कधी चूप बसतेत का हो?”

वच्छलाबाईंनी विचार केला. झोपेत? छे, झोपेतही पुकारत. मग एकदम त्यांना आठवलं. “हर्रासात ‘दोन वार’ झालं की ते चूप होतेत. हात वर धरतेत अन् एखादी बोली वाढते का ते पाहातेत. तवा श्वाससुदा घेत नाईत.”

महेजबीन परत माइकपाशी गेली. या वेळी ‘रोका’ म्हणालीच नाही. “काका, श्वास घ्या… सोडा… एक वार… दोन वार…”

आत सामसूम झाली. मशीन ठकठकत राहिलं आणि चित्रं एकाखाली एक स्वच्छ उमटत गेली.

“झालं काका! घ्या श्वास!”

खुशालराव घेईनात. “काका! झालं म्हणते ना!” शेवटी छाती फुटायची वेळ आली तेव्हा त्यांनी दम घेतला, पण तोंडातून शब्द काढला नाही.

बाहेर काढल्यावर महेजबीन जराशी चिडलीच. “मी घ्या म्हणत होती, तुमी काहून घेऊन नाई राहिले?”

“दोनच्या पुढं तीन येते ना पोरी,” खुशालराव हळू आवाजात म्हणाले. हळू आवाज त्यांच्याकडे आहे हे वच्छलाबाईंनाही आज कळलं. “तीन वार म्हटलं की माल गेला. मले जायाचं नाई एवढ्यात.”

वच्छलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

संध्याकाळी सेंटरच्या डॉक्टर गीतांजलीबाईंनी दोघांना आत बोलावलं. दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवली. “ही बघा गाठ. पहिल्या चित्रात उजळ आहे आणि दुसऱ्यात काळी पडलीय.”

खुशालरावांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. उभ्या जन्मात त्यांनी काळपट पडलेल्या कापसाला कधी चांगली बोली लागलेली पाहिली नव्हती.

“अहो, घाबरू नका, काळी पडली हेच चांगलं!” डॉक्टर घाईघाईने म्हणाल्या. “गाठीत चरबी आणि पाणी एकत्र असलं की दुसऱ्या प्रकारच्या चित्रात ते एकमेकांना पुसून टाकतात. वाईट गाठ सहसा अशी काळी पडत नाही. तुमचे रक्ताचे रिपोर्टही नीट आहेत. साधी गाठ आहे. सहा महिन्यांनी पुन्हा एकदा बघू, बस.”

साधी गाठ. खुशालरावांनी ऐकलं आणि सवयीने तोंड उघडलं. पण आवाज फुटेना. डोळे मात्र भरून आले.

मग वच्छलाबाई उठल्या. ज्या बाईचा आवाज आजवर चुलीपासून दारापर्यंत पोचला नव्हता, तिने केबिनचं दार उघडलं आणि ताटकळलेल्या सगळ्या पेशंटांना ऐकू जाईल असं पुकारलं, “साधी गाठ!”

बाहेर महेजबीनने टाळ्या वाजवल्या. वच्छलाबाई मागे फिरल्या आणि नवऱ्याचा दंड धरून त्यांना उभं केलं.

“तीन वार!” त्या म्हणाल्या. “चला. माल मायाच घरी चालला.”