कपड्यांचा रकाना

लखनौच्या वृंदावन योजना वसाहतीत आम्ही राहायला गेलो तेव्हा आमच्या सेक्टरच्या कोपऱ्यावर इस्त्रीचा एकच ठेला होता. नवराबायको मिळून तो चालवायचे. ती कोळशाच्या इस्त्रीनं कपडे करायची, तो घरोघरी पोचवायचा. आमचे हे हवाई दलातून निवृत्त होऊन अमौसीच्या विमानतळावर कामाला लागले होते. यांना रोज कडक कपडे लागत, म्हणून माझी तिच्याकडे रोजची फेरी. मी फार बोलत नसे. मी उभी राहायची आणि ती बोलायची.

ती म्हणायची, मी नुसता शर्ट बघून सांगते कोणाच्या घरात अबोला आहे. ज्याची बायको रुसली, त्याचं बटण तुटलेलंच राहतं. मग ती न विचारता स्वतःच बटण लावून द्यायची आणि हसायची, "भाभीजी, मोहल्ला समझेगा घरवाली मान गई."

आमची मुलगी दहावीला होती त्या साली हे घडलं. सोमवारी इस्त्रीवालीचा नवरा पोलीस चौकीवर सिपायांच्या कपड्यांचं गाठोडं पोचवायला गेला आणि परत आला नाही. सेक्टरमधल्या एका घरातून दागिने गेले होते. हा सगळ्यांच्या घरी जाणारा, म्हणून त्याला तिथेच बसवून घेतलं आणि चौकीवरून ठाण्यात नेलं. मंगळवारी ती डबा घेऊन गेली, तो आत घेतला. बुधवारी डबा परत केला. गुरुवारी सकाळी एक सिपाई ठेल्यावर येऊन सांगून गेला की त्याला काल संध्याकाळीच सोडलं होतं, वाटेत चक्कर येऊन रस्त्यावर पडला, प्रेत शवगृहात आहे.

आमच्या समोर कोर्टातले एक निवृत्त पेशकार, म्हणजे न्यायाधीशांचे कारकून, राहायचे. ती थेट त्यांच्या फाटकाशी गेली. त्यांनी तिला जे सांगितलं ते मी आमच्या दारातून ऐकलं. कायदा असा की माणूस पोलिसांच्या ताब्यात मेला तर ठाण्याला स्वतःच एका दिवसाच्या आत दिल्लीच्या मानवाधिकार आयोगाला कळवावं लागतं आणि चौकशी मॅजिस्ट्रेट करतो, ठाणं नाही. पण रस्त्यावर मेला असं लिहिलं गेलं तर कोणाला कळवायला नको आणि कोणी विचारायलाही येणार नाही. "जो करना है, पंचायतनामे से पहले करो," ते म्हणाले. आपण पंचनामा म्हणतो, त्यातला प्रेताचा जो असतो त्याला तिकडे पंचायतनामा म्हणतात. त्याला पाच माणसांच्या सह्या लागतात.

तिला लिहितावाचता येत नव्हतं. चारपाच घरं फिरली, शिकलेल्या बायकाही पोलिसांचं नाव ऐकून आत गेल्या. मग ती माझ्याकडे आली. मी म्हणाले, मी चौथीपर्यंतच शिकले. ती म्हणाली, "आप उँगली रखके पढ़ती हैं, भाभीजी. एक अक्षर नहीं छूटता." कपड्यांची यादी मी तशी तपासायची, ते तिनं पाहिलं होतं. हे ड्यूटीवर होते. मी मुलीला घर सांभाळायला सांगितलं आणि इस्त्रीवालीबरोबर टेम्पोत बसले. निघताना मुलगी म्हणाली, "मम्मी, पापा डाँटेंगे." ती मराठीत विचारलेल्याला हिंदीतच उत्तर द्यायची.

शवगृहाच्या ओट्यावर एक तरुण दरोगा, म्हणजे आपल्याकडचा फौजदार, गुडघ्यावर पुठ्ठा धरून लिहीत होता. चार पंच पोलिसांनीच आणलेले होते. ती म्हणाली, पाचवा माणूस माझा. दरोग्यानं माझ्याकडे पाहिलं. "आदमी बोली थी, औरत ले आई." चौघे हसले. ती हसली नाही, हललीही नाही. शेवटी त्यानं कागद माझ्यापुढे सरकवला आणि सहीची जागा दाखवली.

मी म्हणाले, वाचते. हिंदीही आपल्याच अक्षरांत असते म्हणून जमलं. थाने से छोड़ा गया, रास्ते में गिरकर मृत्यु, असं लिहिलेलं मी मोठ्यानं वाचलं. खाली अंगावरच्या कपड्यांचा रकाना होता. कमीज सफेद, एक. पैंट खाकी, एक.

"सफेद?" ती म्हणाली.

आल्याबरोबर तिला फक्त तोंड दाखवलं होतं. सोमवारी तो आपल्या खाकी पँटीवर निळ्या चौकड्यांचा शर्ट घालून गेला होता. तिनं आत जाऊन प्रेतावरची चादर काढायला सांगितली, आम्ही मागोमाग गेलो. शवगृहातल्या माणसानं दरोग्याकडे बघून ती कमरेपर्यंत काढली. ती वाकली, शर्टाच्या पुढच्या पट्टीवरून बोट खाली नेत तिसऱ्या बटणाशी थांबली. आवाज अगदी ठेल्यावर हिशेब सांगावा तसा होता.

"दरोगाजी, कपड़े के खाने में लिखिए, कमीज सिपाहीजी की. सफेद धागा खत्म था, यह बटन मैंने भूरे से टाँका है. सोमवार को जो गट्ठर यह लेकर गए, उसी में थी. छूटा हुआ आदमी सिपाही की कमीज पहनकर घर आता है? इनकी अपनी कहाँ है?"

दरोग्यानं स्वतः वाकून बटण पाहिलं. मग त्यानं तिला विचारलं, हेच तू मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढे सांगशील का? ती म्हणाली, इथेही सांगितलं, तिथेही सांगेन. तो बाहेर जाऊन फोनवर बराच वेळ बोलला. पलीकडून कोणी ओरडत असावं, कारण तो नुसता "जी, जी" म्हणत होता. तो आत येऊन आता कागद फाडणार असं मला वाटलं. त्यानं फाडला नाही. आडवी रेघ मारली, खाली सही केली, आणि म्हणाला, मॅजिस्ट्रेट येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही, आयोगाला आजच कळवलं जाईल. त्याला हे महागात पडलं. पुढे दोनच महिन्यांत त्याची कुठेतरी लांब बदली झाल्याचं पेशकार म्हणाले.

मॅजिस्ट्रेट दुपारी आले. सगळं पहिल्यापासून लिहिलं. मी पुन्हा बोट ठेवून वाचलं आणि सही केली. घरी मी यांना सगळं सांगितलं, तर हे जेवताना म्हणाले, त्या बाईची हिंमत आपल्या छावणीतल्या कितीजणांत होती सांग.

चौकशी वर्षानुवर्षं चालली. ती प्रत्येक तारखेला गेली, ठेला बंद ठेवून. ठाण्याकडून माणसं येऊन गोड बोलून गेली, दटावूनही गेली. ती इस्त्रीवरून नजर उचलत नसे. ठाण्यातल्या दोघांना निलंबित केलं एवढं मला माहीत आहे. त्यांना शिक्षा झाली की नाही, ते आम्ही लखनौ सोडेपर्यंत ठरलं नव्हतं.

पण आयोगाचं पत्र त्याआधीच, पहिल्याच वर्षी आलं. ते घेऊन ती माझ्याकडे आली. नेहमी पायरीवर बसणारी, त्या दिवशी आत येऊन खुर्चीत बसली. मी वाचत गेले. मध्यावर होतं, पुलिस अभिरक्षा में मृत्यु. अभिरक्षा म्हणजे काय ते तिला कळेना, मलाही नीट सांगता येईना. मी म्हणाले, त्यांच्या ताब्यात, आत, हवालातीत.

तिनं ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग पत्र हातात घेऊन त्या ओळीवर, माझं पाहून, बोट ठेवलं.

"तो अब सड़क पर नहीं मरे," ती म्हणाली.